पानाची डावी बाजू

सणाचे पान वाढले की उजव्या बाजूविषयी फारसा वाद होत नाही. अळूचे फदफदे, बटाट्याची भाजी, मध्ये वरणभाताची मूद; मोदक उकडीचे की तळणीचे, एवढाच काय तो प्रश्न. खरा मतभेद असतो तो डाव्या बाजूस. मिठाशेजारी लिंबाची फोड, तिच्या खाली चटणी, कोशिंबीर, लोणचे. एवढ्याशा जागेत घराण्याचा सारा अभिमान दाटीवाटीने बसलेला असतो.

ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या गावी हे विशेष दृष्टीस पडते, व त्याचे कारण आगगाडी होय. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली. पुढील वर्षी ती कल्याणास पोहोचली आणि कालांतराने तेथून एक फाटा थळ घाटाने नाशिककडे व दुसरा बोरघाटाने पुण्याकडे गेला. नोकरीनिमित्त आलेली घाटावरची व कोकणातली कुटुंबे येथे एकाच जिन्यावर शेजारी झाली. मग सोयरिकी जमल्या.

कोकणातील घरी परसात नारळ. म्हणून ओल्या खोबऱ्याची चटणी आणि खमंग काकडी. घाटावर शेतात तीळ, कारळ, भुईमूग. म्हणून कारळाची चटणी व पंचामृत. हे पंचामृत देवाच्या स्नानाचे नव्हे. चिंचेचा कोळ, गूळ, हिरव्या मिरच्यांचे तुकडे, खोबऱ्याचे काप, तिळाचे व दाण्याचे कूट घालून शिजवलेले ते दाट तोंडीलावणे. (सोलापूरकडची प्रसिद्ध शेंगदाण्याची चटणी लसणीमुळे नैवेद्याच्या पानावर येत नाही.)

आमच्या परिचयाच्या एका डोंबिवलीकर कोकणस्थ घरात सोलापूरकडची सून आली. पहिल्या चतुर्थीस तिने चिंच भिजत घातली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे सणाला पंचामृत नाही हो करीत." बोलणे सौम्यच होते. सुनेने तो कोळ मुकाट्याने आमटीत ओतला. तिची आई आदल्याच वर्षी निवर्तली होती; ती चव करून घालणारे आता दुसरे कोणी उरले नव्हते, हे सासूबाईंच्या ध्यानी आले नाही.

"आपल्याकडे" हा शब्द आम्हांस नेहमीच जरा संशयास्पद वाटतो. मिरची, भुईमूग, बटाटा ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातील. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतास उतरला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर ती इकडे आली. तोवर तिखटास मिरी होती. म्हणजे खमंग काकडीतले दाण्याचे कूटही कोण्या एके काळी कोणा सुनेनेच प्रथम घातले असले पाहिजे, आणि तिच्या सासूबाईंनी नाक मुरडले असणार! सोवळ्याचे व कांदालसणीचे नियम ज्या घरी आहेत तेथे ते पाळावेत. त्याबद्दल आमचे म्हणणे नाही. परंतु चमचाभर पंचामृताने कोणता नियम मोडतो? फार तर लिंबाची फोड अंमळ वर सरकेल. सासूबाईंची काकडी काढून टाका, असेही कोणी म्हणत नाही. तीही त्यांच्या सासूबाईंच्या हातची आठवण आहे.

त्या घरी हे बोलणे यजमानांनीच काढले, हे बरे झाले. दोन दिवसांनी गौरीच्या पानावर घावन-घाटल्यासोबत पंचामृत आले. सासूबाईंनी चाखून गूळ किंचित अधिक झाल्याचे सांगितले, आणि चिंच किती घेतली होती ते विचारून घेतले.