सूप की खळ?

परवा एका रिसेप्शनला सूप घेतलं. 'क्रीम ऑफ व्हेजिटेबल' अशी ऐटबाज पाटी. चमचा उभा राहील इतकं दाट, आणि चव म्हणाल तर मीठ नि मिरपूड. दहा मिनिटं गप्पा मारून परत बघतो तर वर जाड पापुद्रा! दुधाच्या सायीचा नव्हे, कॉर्नफ्लोअरचा. लहानपणी गणपतीच्या मांडवात पोस्टरं चिकटवायला आम्ही मैद्याची खळ शिजवायचो. कृती अगदी तीच हो.

तर माझं म्हणणं सरळ आहे. सुपात कॉर्नफ्लोअर घालणं ही शुद्ध फसवणूक आहे. घट्ट लागलं की 'ह्यात काहीतरी आहे' अशी जिभेची समजूत होते, आणि त्या समजुतीवर पाणी विकलं जातं. घरातलं सूपचं पाकीट उलटं करून बघा. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. माझ्याकडच्या पाकिटावर कॉर्नफ्लोअर, साखर, मीठ हे त्रिकूट सगळ्यात वर होतं, भाज्या बिचाऱ्या मागच्या बाकावर.

एवढं चिडायला काय झालं? सांगतो. गेल्या वर्षी बाबांचे उरलेसुरले दात काढले. कवळी बसेपर्यंत सगळं पातळ. पहिला आठवडा मी ऑफिसातून आलो की तीच पाकिटं उकळून द्यायचो, वर 'घट्ट आहे, पोट भरेल' हे ऐकवायचो. आठवड्यात त्यांची पँट कमरेला सैल झाली. ते काही बोलले नाहीत. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अहो, क्रीम म्हणजे शेवटी काय? पाण्यात विखुरलेले स्निग्धांशाचे बारीक थेंब. ते विखुरण्याचं मशीन प्रत्येक घरात ओट्यावर बसलेलं असतं, आणि आपण त्यात फक्त चटणी वाटतो! पाव किलो फ्लॉवर, एक गाजर, एक कांदा, दोन लसूण पाकळ्या चमचाभर लोण्यावर परता आणि दोन कप पाण्यात अगदी मऊ शिजवा. फ्लॉवरच का? कारण त्यात स्टार्च फारच कमी, कितीही फिरवा, मऊसूतच राहतो. मी आधी बटाटा घालून बघितला होता. पात्याने त्यातला स्टार्च मोकळा होतो आणि पुन्हा आपली खळ!

आता चीज. इथे आमच्या ग्रुपमधले खवय्ये नाक मुरडतात. 'प्रोसेस्ड? शी! चांगलं जुनं चेडर आण.' आणलं. उकळत्या सुपात टाकलं, तर खाली गुठळ्या आणि वर तेलाचा तवंग. साध्या क्यूबचं असं होत नाही, कारण त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार असतात. चीजमधल्या प्रथिनांना एकमेकांशी बांधून ठेवणारं कॅल्शियम ते काढून घेतात, मग मोकळी झालेली प्रथिनं स्निग्धांशाला नीट धरून ठेवतात. ही युक्ती 1911 साली गर्बर आणि स्टेटलर ह्या दोघांनी एमेंटाल चीजवर केली, तीही स्वित्झर्लंडमधल्या थुन गावात. म्हणजे चीजच्या माहेरघरी! घ्या, आता कुणासमोर नाक मुरडता?

25 ग्रॅमचे दोन क्यूब किसून शिजलेल्या भाजीबरोबरच मिक्सरमध्ये फिरवा. नंतर गरम करा, पण खळाखळा उकळू नका. वेगळं मीठ अजिबात नको, चीजमध्ये भरपूर असतं. बीपीवाल्यांनी तर एकाच क्यूबवर भागवावं.

आणि हो, भाजी कोमट होऊ द्या. वाफाळतं सूप भांड्यात गच्च भरून मी झटक्यात बटण फिरवलं होतं. कोंडलेल्या वाफेने झाकण उडालं, टाइल्स केशरी झाल्या, मनगट भाजलं ते वेगळंच. अर्ध्यापेक्षा कमी भरा, झाकणावर घडी केलेलं फडकं धरा, आधी सावकाश फिरवा. घाई असेल तर पातेल्यातच हँड ब्लेंडर घाला.

बाबांची कवळी केव्हाच आली, भाकरी मजेत चावतात. पण रविवारी रात्री अजूनही 'ते केशरी कर रे' अशी फर्माईश असते. आणि आई त्यावर हिंग-जिऱ्याची चरचरीत फोडणी ओतते. थुनला कळवू नका. :)