उपासना प्रकाशाची, आयात उपकरणांची!

सूर्योपासना हा आपल्या समाजाचा नित्यसंस्कार आहे. शाखेत सूर्यनमस्कार घालणाऱ्या बालस्वयंसेवकापासून पहाटे अर्घ्य देणाऱ्या आजोबांपर्यंत सर्वांना ते तेज वंदनीय वाटते. मात्र त्याच तेजाला प्रयोगशाळेत कामाला लावण्याच्या विद्येत आपण कोठे आहोत, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

इटलीतील बोलोन्याचे रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी १९१२ साली न्यूयॉर्क येथील व्याख्यानात कोळशावर पोसलेल्या औद्योगिक जगाला सूर्यप्रकाशाची वाट दाखवली. वनस्पती जे सहज साधतात ते माणसानेही शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. उष्णता सारे मिश्रण सरसकट तापवते. प्रकाशाचा नेमका रंग निवडला, तर तो शोषणारा रेणूच तेवढा जागा होतो. औषधनिर्मितीच्या संशोधनात या पद्धतीला आज मोठे महत्त्व आहे.

अडचण होती ती साधनांची. संशोधक दिवाळीच्या माळांप्रमाणे एलईडीच्या पट्ट्या काचपात्राभोवती गुंडाळत. दिव्याचे अंतर बदलले, खोली तापली, की उत्तर बदले. एका प्रयोगशाळेत साधलेली क्रिया दुसरीत साधेलच, याची शाश्वती नसे. २०१७ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील डेव्हिड मॅकमिलन यांचा गट आणि मर्क या औषध कंपनीचे संशोधक यांनी यावर एक छोटेखानी प्रकाश-अभिक्रियापेटी सादर केली. निळा एलईडी, प्रकाश परावर्तित करणारा कप्पा, थंडाव्यासाठी पंखा, ढवळण्यासाठी चुंबक आणि मध्यभागी बोटभर कुपी. एवढाच तिचा संसार!

यातील कोणती वस्तू आपल्याला दुष्प्राप्य आहे? एकही नाही. त्या पेटीचे खरे मोल तिच्यातील शिस्तीत आहे. प्रकाश मोजलेला, तापमान आवरलेले, प्रत्येक वेळी स्थिती तीच. आपल्या प्रयोगशाळांतील कितीतरी उपकरणे आजही परदेशातून येतात, त्याचे कारण बुद्धीचे दारिद्र्य नव्हे. उपकरण घडवणाऱ्या हाताला आपण शोधनिबंध लिहिणाऱ्या हाताइतकी प्रतिष्ठा दिली नाही, हे त्याचे एक मोठे कारण आहे.

कोणी म्हणेल, पैसे मोजून मिळते, तर घडवायचे कशाला? विकत घेतलेले यंत्र बिघडले की सुट्या भागांसाठी सातासमुद्रापार पाहावे लागते, ही झाली व्यवहाराची बाजू. त्याहून गंभीर बाब अशी, की जो उपकरण घडवतो तोच पुढचे प्रश्न ठरवतो. जगदीशचंद्र बोस यांनी आपली उपकरणे स्वतः घडवली. प्रफुल्लचंद्र राय यांनी उभा केलेला बंगाल केमिकल्सचा उद्योग १९०१ साली मर्यादित कंपनी झाला. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी प्रकाशाचेच एक रहस्य उलगडले, तेही अगदी साध्या साधनांनी. पारतंत्र्यात जे शक्य झाले, ते स्वातंत्र्यात अशक्य का वाटावे?

प्राचीन ज्ञानाचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु निव्वळ अभिमानाने कुपीतील रसायन बदलत नाही. तंत्रनिकेतनांतील विद्यार्थी, विद्यापीठांचे रसायनशास्त्र विभाग आणि लघुउद्योजक यांनी एकत्र येऊन अशी पेटी घडवावी, काटेकोर मोजावी आणि तिचे निष्कर्ष जगासमोर ठेवावेत. स्वदेशीची कसोटी घोषणेत नाही; आपण घडवलेल्या उपकरणावर परक्यानेही विश्वास ठेवावा, यात आहे. सूर्याला याहून सार्थ अर्घ्य कोणते?