बोटांचे दुखणे आणि टक्क्यांचा हिशेब

संधिवात ही उतारवयाची व्याधी, हा समज आपल्या समाजात इतका रुजला आहे की, दहा वर्षांच्या मुलाचे मनगट त्याने सुजते यावर शिक्षकच काय, पालकही चटकन विश्वास ठेवीत नाहीत. वस्तुतः वयाच्या १६ व्या वर्षाआधी सुरू होणारा व किमान ६ आठवडे टिकणारा सांधेदाह वैद्यकशास्त्राला चांगला परिचित आहे. मनगट व बोटे त्याच्या तावडीत सापडली, की मुलाचे लेखन अडते.

हे अडणे वहीत लगेच दिसत नाही, हीच खरी अडचण. असे मूल पहिल्या चार ओळी सुवाच्य लिहिते. पान उलटेपर्यंत बोटे आखडतात, वेग मंदावतो, अक्षर विसकटते. सकाळी सांधे ताठरतात, दुपारी सैलावतात. एक आठवडा बरा जातो, दुसरा वाईट. ‘काल लिहिलेस, मग आज का नाही?’ हा प्रश्न स्वाभाविक असला तरी अन्यायकारक आहे. आळसाबद्दल तोच धडा दहा वेळा लिहावयास लावणे, हे तर दुखऱ्या जागीच मारणे होय.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अनेक सवलती ४० टक्के अपंगत्वाशी निगडित केल्या. रोज बदलणारी वेदना एका दिवसाच्या मोजमापात कशी बसावी? फेब्रुवारी २०२१ मध्ये, लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, केवळ या टक्केवारीवरून लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढे २०२२ मध्ये केंद्र सरकारने अशा परीक्षार्थींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

हे स्वागतार्हच आहे. परंतु परीक्षा वर्षाअखेरची, लेखन मात्र रोजचे. शिवाय ज्याला स्वतःच्या हाताने लिहिता येते, त्याच्या हातची लेखणी काढून घेणे हा नेहमीच उपाय नव्हे. थोडा अधिक वेळ, मधूनमधून विश्रांती, जाड पकडीचे पेन, लिहिण्यासाठी उतरता फलक, फळ्यावरील मजकुराची तयार प्रत, प्रसंगी तोंडी उत्तर—यांपैकी कशासाठीही सरकारी तिजोरी रिती होणार नाही. डॉक्टरांचे पत्र पुरेसे मानून वर्गशिक्षकाने हे वर्षभर द्यावे, असा स्पष्ट आदेश शिक्षण खात्याने काढावा. उत्तरपत्रिकेत मुलाचे ज्ञान तपासायचे की त्याच्या बोटांची सहनशक्ती, याचा निर्णय आता टाळता येणार नाही.