कविता गळ्यात उतरावी

माझी आई शाळेची पायरी कधी चढली नाही. पण लातूर जिल्ह्यातील आमच्या गावी एकादशीचे भजन बसले, की तुकोबांचे अभंग तिला एकामागून एक आठवतात. मी नांदेडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात इंग्रजी विषय घेऊन शिकते. तरी अभ्यासक्रमातील एकही कविता मला पाठ नाही. पाठ आहे तो गाईडमधला सारांश. आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिली मुलगी मी. मग कविता अधिक कोणाला आली, आईला की मला?

विचार करता एक गोष्ट ध्यानात येते. आईला कविता मिळाली ती टाळांच्या ठेक्यावर, दहाजणींच्या गळ्यातून. मला मिळाली ती फळ्यावर.

खुद्द इंग्लंडातही असेच घडले आहे. विल्यम ब्लेक 1827 मध्ये वारला. त्याची एक लहानशी कविता 'मिल्टन' या दीर्घकाव्याच्या प्रस्तावनेत पडून होती. 1916 मध्ये, ऐन महायुद्धात, ह्यूबर्ट पॅरी यांनी तिला समूहगानासाठी चाल लावली आणि 'जेरुसलेम' या नावाने ती देशभर पोचली. मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांनीही ती आपली मानली.

कोणी म्हणेल, त्यांच्यासारखे चार वेगळ्या आवाजांत गाणे आपल्याला कसे जमणार? पण पॅरींची ही चाल सर्वांनी एकाच सुरात गाण्यासाठी आहे. भजनात आपण दुसरे काय करतो?

दुसरे भय उच्चारांचे. वर्गात एकदा माझ्या उच्चारावर हशा पिकला, तेव्हापासून मी मोठ्याने वाचणेच सोडले. इंग्रजी शब्दात एका ठरावीक भागावर जोर असतो. 'बिगिन'मध्ये तो 'गिन'वर येतो. चांगला संगीतकार हा जोर ठेक्याच्या वजनदार मात्रेवर बसवतो. टाळी देत गायले, की जिभेला वळण लागते. आणि सर्वांबरोबर गाताना एकटीला कोणी हसत नाही.

भारतीय विद्यापीठ संघाच्या युवक महोत्सवात पाश्चात्त्य समूहगान हा स्वतंत्र प्रकार आहे. त्याला सहा गळे पुरतात. आमच्याकडे मात्र 'ते मुंबई-पुण्याचे काम' म्हणून यादीतला पुढचा प्रकार वाचला जातो. हे मला पटत नाही.

माझी सूचना साधी आहे. आधी पॅरींच्या चालीवर गळा बसवावा. मग अभ्यासक्रमातील एक कविता घेऊन पेटी-तबल्यावर आपली चाल लावावी आणि यंदाच्या स्नेहसंमेलनात ती गावी. मी आईला बोलावणार आहे. शब्द कळले नाहीत, तरी दुसऱ्या कडव्याला ती ठेका धरील, याची मला खात्री आहे.