रस्ता आपला, कॅमेरा कुणाचा?

महामार्गावरून जाणारे लोक नांदुऱ्यात गाडी थांबवतात ती १०५ फुटी हनुमान मूर्तीचा फोटो घ्यायला. जरूर घ्यावा, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही, की नांदुऱ्याचे चित्र तिथेच संपते. स्टेशनचा रस्ता, कापसाच्या हंगामातली धूळ, बाजारातली हमाली, तुंबलेली गटारे आणि त्यांच्या काठाने चाललेला संसार, इकडे कोणी कॅमेरा वळवत नाही.

मुस्लिम मोहल्ल्यात तर कॅमेरा दोनदाच येतो. एकदा ईदच्या गळाभेटी टिपायला आणि दुसऱ्यांदा, दंगल झालीच तर, जळके दुकान टिपायला. मधल्या दिवसांत गादी भरणारा पिंजारी, केळीची गाडी ढकलणारा बागवान, दप्तर घेऊन पळणारी उर्दू शाळेची पोरे कुणालाच दिसत नाहीत. मग सणाची टोपी आणि दंगलीचा धूर एवढाच मुसलमान लोकांच्या लक्षात राहिला, तर नवल ते काय?

बाहेरचा कॅमेरा काय देतो आणि काय घेतो, याचे उदाहरण कुतुबुद्दीन अन्सारी. मार्च २००२ मध्ये अहमदाबादेत हात जोडून जीव वाचवा म्हणणाऱ्या या शिंप्याचे छायाचित्र रॉयटर्सच्या अर्को दत्त यांनी घेतले. गुजरातमध्ये काय चालले आहे ते त्या चित्राने जगाला दाखवले. ते काढायलाच हवे होते. पण पुढे पोटासाठी मालेगावात आलेल्या अन्सारींची नोकरी त्याच चित्रामुळे गेली. छायाचित्रकार निघून जातो. चेहरा मात्र ज्याचा त्यालाच घेऊन जगावे लागते.

म्हणून कॅमेरा आता मोहल्ल्यातल्याच पोरापोरींच्या हाती हवा. आपल्यातलेच काही म्हणतील, तसवीर काढणे नाजायज. हजला जाताना पासपोर्टवर फोटो चालतो, आधारकार्डावर चालतो; मग राबणाऱ्या बापाचाच का चालू नये? दुसरी हरकत बायकामुलींच्या अब्रूची. ती मात्र हसण्यावारी नेता येणार नाही. २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो चोरून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. असे सोसलेल्या समाजाने कॅमेऱ्याकडे संशयाने पाहिले, तर दोष त्याचा नाही. तेव्हा विचारावे, नको म्हटले की हात खाली घ्यावा आणि काढलेल्या फोटोची एक प्रत त्या माणसाला नेऊन द्यावी. यात वेळ जातो, बोलणी खावी लागतात. पण विश्वास मिळतो तो असाच.

नांदुऱ्याच्याच लोहमार्गावर पुढे अकोला आहे. तिथे जन्मलेल्या सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे टिपले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत घाण आहे, पण घाण उपसणाऱ्याची मान खाली गेलेली नाही. आपल्या पोरांनी शिकावे ते हे.

मोबाइल आज खिशाखिशात आहे. तो स्वतःच्या तोंडासमोर धरणाऱ्या तरुणांनो, जरा रस्त्याकडे वळवा. तुंबलेल्या गटाराचा फोटो नगर परिषदेच्या टेबलावर ठेवता येतो. आणि उद्या नातवाने विचारले, पिंजाऱ्याची धनुकली कशी असायची, तर दाखवायला घरात काही असेल. दुसऱ्याने काढलेल्या चित्रावर रुसून बसायचे आणि स्वतः एकही काढायचे नाही, हे आता पुरे.