येसर, खारोड्या आणि पाकिटातली भाजी

लातूर-नांदेडकडच्या लग्नघरात अजूनही येसराला मान आहे. बाजरी, ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ खरपूस भाजायची, धने-मिरची आणि खडा मसाला घालून दळायचं, कोरड्या बरणीत भरून ठेवायचं. पाहुणे आले की पाण्यात कालवून फोडणीला टाकलं, थोड्या वेळात आमटी तयार. दुकानात आज ‘इन्स्टंट मिक्स’ म्हणून जे रंगीत पाकिटात मिळतं, ते मराठवाड्याच्या फडताळात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

मग वर्षभराच्या बेगमीसाठी विकतचं आणावं की घरी करावं? याचा निकाल चवीवर किंवा किमतीवर लावण्याआधी पदार्थात ओल किती आहे, ते पाहायला हवं.

बुरशीला आणि जिवाणूंना वाढायला ओल लागते. चैत्र-वैशाखात नांदेडचा पारा चाळिशी ओलांडतो. बाजरीच्या भरड्यात लसूण, तिखट, तीळ, मीठ घालून शिजवलेल्या खारोड्या गच्चीवर जुन्या धोतरावर घातल्या, की त्या उन्हात दोन-तीन दिवसांत कडकडीत होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात त्या पुढचा उन्हाळा पाहतात. तळायला तेल नसलं तरी शेंगदाण्यांबरोबर तशाच खाता येतात. अशा कोरड्या जिनसांसाठी कारखान्याच्या दारात जायचं काहीच कारण नाही.

ओल्या पदार्थांचं मात्र वेगळं आहे. शिजवलेली भाजी किंवा आमटी बाटलीत हवाबंद करून महिनोन्‌महिने फळीवर ठेवायचा प्रयोग घरी करूच नये. बोट्युलिझम हा जीवघेणा आजार ज्या जिवाणूमुळे होतो, त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात आणि हवा नसलेल्या बाटलीत जोमाने वाढतात. वास-चवीवरून ते दर वेळी कळतही नाही. लोणचं टिकतं ते मीठ, आंबटपणा आणि तेलामुळे. भाजीला ते कवच नसतं. कारखान्यात बंद पाकीट दाबाखाली साधारण 121 अंशांपर्यंत तापवतात, म्हणून ते फ्रिजशिवाय टिकतं. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने हे तंत्र वापरून जवानांसाठी तयार जेवणाची पाकिटं विकसित केली. इथे विकतचंच घ्यावं.

या भागाने दोन्हींची गरज अनुभवली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घरंच कोसळली; डबे, चूल, सरपण सगळं ढिगाऱ्याखाली गेलं. अशा वेळी न शिजवता खाता येईल असंच अन्न कामाला येतं. उलट 2020 चा पाडवा आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस एकच होता, 25 मार्च. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वारात हजारो यात्रेकरू महिनाभर अडकले आणि लंगरने त्यांना जेवू घातलं. तिथे आधार होता तो कणीक, डाळ, तांदूळ या साध्या कोरड्या शिध्याचा.

पाण्याचंही गणित आहे. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा आणि वरचं निवळ ओतून द्यायचं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा लातूरकरांनी कुरडया कशाच्या जिवावर कराव्यात? टंचाईच्या वर्षी कुरडई सोडून द्यावी, खारोड्यांवर भागवावं.

घरच्या साठवणीचं कौतुक करताना एक गोष्ट नेहमी वगळली जाते. पहाटे उठून भरल्या पातेल्यातला चीक हाटताना खांदे भरून येतात, आणि ते खांदे आजवर बायकांचेच राहिले. घरचंच खायचा आग्रह असेल, तर हाटणी पुरुषांनी हातात घ्यावी. तेही जमणार नसेल, तर गावातल्या बचत गटाकडे पाडव्याआधीच मागणी नोंदवा आणि ठरलेले पैसे आगाऊ द्या. अवकाळीने एक वाळवण भिजलं, तर त्या बायांची सगळी मेहनत वाया जाते.