पिकअपचा फॅन आणि हमालाची फुप्फुसे

जुनी पिकअप हाताशी आली की मालकाच्या मनात दोन कामे हमखास येतात. सायलेन्सर बदलून गाडी ‘मोकळी’ करायची आणि उन्हाळ्यात इंजिन गरम होते म्हणून मोठा फॅन बसवायचा. पैसे बेताचे असले की बहुतेक वेळा सायलेन्सर आधी येतो, कारण त्याचा फरक लगेच कानाला कळतो. हा क्रम चुकीचा आहे. तो केवळ गाडीच्या दृष्टीने चुकीचा नाही. चालकाच्या आणि गाडीमागे उभ्या असलेल्या माणसांच्या आरोग्याच्या दृष्टीनेही तो चुकतो.

जुन्या बनावटीच्या अनेक पिकअपमध्ये रेडिएटरमागचा फॅन इंजिनच्या जोरावर फिरतो. इंजिन हळू चालले की फॅनही हळू. रस्त्यावर समोरून येणारा वारा ही उणीव भरून काढतो. पण वाशीच्या बाजार समितीच्या फाटकावर किंवा सायन-पनवेल महामार्गावरच्या कोंडीत तो वारा मिळत नाही. अशा वेळी तापमानाचा काटा वर चढू लागला की चालक उभ्या गाडीला रेस देतो, म्हणजे फॅन जोरात फिरेल. त्याची युक्ती चुकीची नसते, पण त्या प्रत्येक रेसबरोबर जादा डिझेल जळते आणि गाडीमागे काळ्या धुराचा लोट सुटतो. फॅनचा बिघाड अशा रीतीने मागे उभ्या असलेल्यांच्या छातीत पोहोचतो.

मागे असतात ते हमाल. कांदा-बटाटा, भाजी, फळे, मसाला आणि धान्य अशा पाच बाजारांत माथाडी कामगार गाडीच्या मागच्या फळीशी उभे राहून माल उतरवतात. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण 6 ते 8 लिटर हवा आत घेतो. पाठीवर पोते घेऊन चालणारा त्याच्या कित्येक पट. एकच धूर दोघांच्या वाट्याला सारखा येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. त्या निर्णयामागे अमेरिकेतल्या 12,000 हून अधिक खाणकामगारांचा अभ्यास हा एक महत्त्वाचा आधार होता. बंदिस्त खाण आणि बाजाराचे आवार एक नव्हे, हे खरे. पण धुराजवळ रोजच्या रोज, वर्षानुवर्षे काम करणे हा धागा दोन्हीकडे आहे. दमा आणि हृदयविकाराचा त्रास तर कर्करोगाच्या कितीतरी आधी दिसू लागतो.

मग सायलेन्सर बदलून काय साधते? धूर इंजिनात तयार होतो, पाइपात नाही. गरम झालेल्या गाडीतून काळा धूर येत असेल तर एअर फिल्टर तुंबला आहे किंवा इंजेक्टर बिघडले आहेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केटमधून पाणी जळण्याच्या जागेत शिरत असण्याची शंका घ्यावी. यांतला एकही दोष मोठ्या आवाजाच्या पाइपने जात नाही. उलट ज्या गाड्यांत कंपनीने उत्प्रेरक कन्व्हर्टर दिला आहे, तो कापून सरळ पाइप जोडला की कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेले इंधन थेट बाहेर पडते. ‘अ‍ॅव्हरेज वाढते’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मूळ सायलेन्सर आतून तुंबलेला असेल तर फरक पडेलही; पण तो तुंबलेला सायलेन्सर बदलल्याचा फायदा, आवाजाचा नव्हे. आवाजाची किंमत चालक कानाने मोजतो. दिवसाचे 8 तास 85 डेसिबलच्या वर राहणारा आवाज हळूहळू श्रवणशक्ती घालवतो आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 नुसार धूर आणि आवाजाची मर्यादा मोडणाऱ्या चालकाला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

सायलेन्सरवर खर्च करायचाच असेल तर तो गळती थांबवण्यावर करावा. खाडीची दमट, खारी हवा पाइप बाहेरून गंजवते. जवळच्या फेऱ्यांत पाइप पुरता तापत नाही, त्यामुळे धुरातले पाणी आत साचून तो आतूनही गंजतो. केबिनखाली भोक पडले किंवा इंजिनजवळचे गॅस्केट गेले की धूर चालकाच्या पायाखालून आत शिरतो. गाडी चालवताना डोके दुखत असेल, डोळे चुरचुरत असतील, तर दोष झोपेला देण्याआधी पाइप तपासावा.

फॅनकडे वळताना मात्र थेट मोठा फॅन आणू नये. रेडिएटरच्या जाळीत चिखल भरला आहे का, झाकण दाब धरते का, पट्टा सैल आहे का, फॅनभोवतीचे प्लास्टिकचे कवच जागेवर आहे का, हे आधी पाहावे. हे कवच नसेल तर फॅन तीच तीच हवा घुसळत राहतो. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून टाकणे हा गॅरेजमधला जुना उपाय. त्याने काटा खाली राहतो, पण इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, धूर वाढतो आणि झीजही. एवढे सगळे ठीक असूनही गाडी उभ्या उभ्या तापत असेल, तर तापमानाप्रमाणे चालू-बंद होणारा विजेचा फॅन हा खरा सुधार आहे. इंजिन हळू चालत असले तरी तो पूर्ण वेगाने फिरतो आणि रेस देण्याची गरजच संपवतो. त्याला रिले आणि फ्यूज हवेच, अल्टरनेटर तेवढा भार पेलतो का हे पाहायला हवे आणि वायर उलट्या जोडून वारा उलटा वाहत नाही ना, याची खातरजमा करायला हवी.

दोन धोके घरापर्यंत येतात. तापलेल्या रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते. झाकण उघडताच ते उसळते आणि चेहरा, छाती भाजते. गाडी थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नये. भाजलेच तर त्या जागेवर 20 मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडून दवाखाना गाठावा. टूथपेस्ट किंवा शाई लावू नये. दुसरे म्हणजे कूलंट. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि मूत्रपिंडांना घातक असते. उरलेले कूलंट शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवणे म्हणजे लहान मुलाच्या हाती विष देणे.

जुन्या गाड्या सरसकट भंगारात काढा, हे सांगायला सोपे आहे. एका पिकअपवर घर चालवणाऱ्याला ते परवडत नाही. एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाखांत 10 भागांवर आले आहे. त्याचा थोडा लाभ जुन्या इंजिनांनाही मिळतो. उरलेले काम देखभालीचे आहे. डिझेल गाडीची पीयूसी चाचणी धुराची घनता तेवढी मोजते. गाडी रांगेत तापते का, हे ती विचारत नाही. आठ वर्षांवरील मालवाहू गाड्यांचे पासिंग दरवर्षी होते. तिथे फॅन, थर्मोस्टॅट आणि पाइपची गळती तपासावी. बाजार समितीने माल उतरवताना इंजिन बंद ठेवण्याचा नियम करून तो पाळून घ्यावा. टर्बो इंजिन बंद करण्यापूर्वी मिनिटभर हळू चालू द्यावे लागते, तेवढी सवलत द्यावी. त्याहून जास्त नको. मालकांनी हाताशी असलेले पैसे आधी फॅनवर घालावेत. त्यात इंजिनही वाचते आणि पोते उचलणाऱ्या माणसाचा श्वासही.